नकाशावरचा हात

(आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या चित्रपट-शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. शिबिरात पिएत्रो जेर्मी या इटालियन दिग्दर्शकाचे दोन विनोदी चित्रपट दाखवले होते. – संपादक)



काल दुसऱ्या चित्रपटात एक छोटासा प्रसंग होता. गावातला पोलीस अधिकारी कचेरीत उभा आहे. भिंतीवर इटलीचा नकाशा टांगलेला आहे. एका घरच्या अब्रूच्या प्रकरणानं, लपवालपवीनं आणि रडारडीनं तो मेटाकुटीला आला आहे. तो पुढे होतो, नकाशावरच्या सिसिली बेटावर तळहात ठेवून ते झाकून टाकतो आणि उरलेल्या इटलीकडे बघून समाधानानं म्हणतो, आता बरं दिसतं. आपण सगळ्या हसलो. मी हा चित्रपट पूर्वी पाहिला होता, तरी हसले. आज मला त्या हाताबद्दलच बोलायचं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो आणि सिसिली हे त्या बुटाच्या टोकाशी असलेलं मोठं बेट. इटली एक देश झाला तो १८६१ साली. उत्तरेला मिलान, तुरीन ही कारखान्यांची शहरं. दक्षिणेला गरिबी, जमीनदारी आणि पोटासाठी गाव सोडणारी माणसं. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतले लोक लाखांनी उत्तरेकडे गेले. तिथे त्यांना 'तेर्रोने' म्हणून हिणवत. मातीशी जोडलेला हा शब्द म्हणजे अडाणी, गावंढळ अशी शिवीच. जेर्मी स्वतः उत्तरेतल्या जेनोव्हा शहरचा. त्यानं सिसिलीवर विनोदी चित्रपट काढले, तेव्हा हसणारा कोण आणि ज्याला हसायचं तो कोण हा प्रश्न पहिल्यापासूनच होता.

पहिला चित्रपट १९६१ चा, 'दिवोर्त्सिओ आल्लितालियाना', म्हणजे 'इटालियन पद्धतीचा घटस्फोट'. त्यातला फेफे हा वाड्यात राहणारा, पैशानं खंगलेला सरदार. लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली. बायको रोझालिया त्याच्यावर जीव टाकते, आणि नेमका तिचा तोच गुण त्याला नकोसा झाला आहे. त्याचं मन बसलं आहे सोळा वर्षांच्या चुलतबहिणीवर. घटस्फोट घ्यावा तर इटलीत तसा कायदाच नव्हता. तो आला १९७० साली. मग फेफेला दंडसंहितेतलं कलम ५८७ सापडतं.

ते कलम काय होतं ते नीट ऐका, कारण ते चित्रपटवाल्यांनी रचलेलं नाही. पत्नी किंवा पती, मुलगी, बहीण यांपैकी कुणाचे अनैतिक संबंध उघडकीला आल्याच्या क्षणी, आपल्या किंवा घराण्याच्या अब्रूला धक्का बसल्याच्या रागात कुणी खून केला, तर शिक्षा तीन ते सात वर्षं. साध्या खुनाला कमीत कमी एकवीस वर्षं. जोडीदाराच्या बाबतीत कायद्याची भाषा दोघांना सारखी होती. पण पुढे बघा, मुलगी आहे, बहीण आहे. मुलगा नाही, भाऊ नाही. मुलाच्या चालीरीतीनं कुणाची अब्रू जात नव्हती.

तेव्हा फेफे काय करतो? बायकोसाठी प्रियकर शोधतो. तिचा एक जुना चाहता आहे, तो चित्रकार आहे. त्याला वाड्यातली भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करायच्या कामावर ठेवतो. दोघांना एकत्र सोडतो. टेप-रेकॉर्डर लपवून ठेवतो. आणि हे चालू असताना उद्याच्या खटल्यात आपला वकील आपली बाजू कशा गहिवरल्या आवाजात मांडेल, ते त्याच्या कानात आधीच घुमत असतं. बायको खरोखरच पळून जाते, तेव्हाही हा लगेच मारायला निघत नाही. आधी गावात पुरती नाचक्की व्हायला हवी. निनावी चिठ्ठ्या यायला हव्यात, लोकांनी 'शिंगवाला' म्हणायला हवं, बहिणीचं जमलेलं लग्न अडायला हवं. जितकी बदनामी जास्त तितकी शिक्षा कमी. अखेर तो बायकोला गोळी घालतो, त्याला तीन वर्षांची शिक्षा होते आणि बाहेर येऊन तो त्या कोवळ्या मुलीशी लग्न करतो.

विनोद कुठे आहे ते लक्षात आलं का? ज्या खुनाला 'रागाच्या भरात' म्हणून सवलत मिळते, तो फेफे महिनोन् महिने थंड डोक्यानं जुळवून आणतो. संताप हा कायद्याला दाखवायचा दाखला, आणि तो हिशेबानं तयार करता येतो. 'त्याचा तोल गेला हो' हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! जेर्मीनं त्या वाक्याची हवाच काढून घेतली. असं सांगतात की त्याला आधी या विषयावर गंभीर चित्रपटच करायचा होता. पण ते कलम समोर ठेवून बघायला लागल्यावर त्याला त्यातला हास्यास्पदपणा दिसला असावा.

आता माझी तक्रार. रोझालिया. दानिएला रोक्का ही देखणी नटी. तिला जाड भुवया दिल्या, ओठांवर मिशीची लव दिली, किंचाळल्यासारखं हसायला लावलं. संपूर्ण गोष्ट फेफेच्या तोंडून, आणि फेफे म्हणजे मार्चेल्लो मास्त्रोयान्नी! त्याच्या डोळ्यांनी बघता बघता आपणही मनात म्हणायला लागतो, सुटेल का हा एकदाचा हिच्यापासून? काल मध्यंतरात एक मैत्रीण मला म्हणाली, "ताई, मला स्वतःचीच लाज वाटली, मी तिच्या मरणाची वाट बघत होते." मला वाटतं, हे वाटणं मोलाचं आहे. दिग्दर्शकाला ते घडवायचं होतं की तोही आपल्यासारखाच मास्त्रोयान्नीवर भाळला होता, याचा मी निकाल देणार नाही. पण एवढं खरं, की रोझालियाचा गुन्हा काय असं विचारलं तर उत्तर येतं : तिला प्रेम हवं होतं आणि तिला मिशी होती. विनोदी चित्रपटात कुणाला कुरूप केलंय ते आधी बघावं, म्हणजे आपल्याला कुणाच्या बाजूला उभं केलंय ते कळतं.

दुसरा चित्रपट १९६४ चा, 'सेदोत्ता ए आब्बान्दोनाता', म्हणजे 'फसवलेली आणि टाकलेली'. 'टाकलेली' हा शब्द आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. इथे आन्येसे ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. थोरल्या बहिणीचा वाग्दत्त वर, पेप्पिनो, दुपारी सगळे झोपलेले असताना तिला गाठतो. तिला दिवस जातात. बाप व्हिन्चेन्झो आकाशपाताळ एक करतो. मुलीला खोलीत कोंडतो, मारतो. पेप्पिनोनं हिच्याशी लग्न करावं तर तो म्हणतो, मी कुमारिकेशीच लग्न करणार! तिचं कौमार्य कुणी घालवलं हे विचारलं, तर त्याचं म्हणणं असं की मागणं हे पुरुषाचं काम, नाही म्हणणं हे बाईचं. मग बाप आपल्या भित्र्या मुलाला बंदूक देऊन पेप्पिनोला मारायला पाठवतो, पुन्हा तेच अब्रूचं कलम मनात धरून. आन्येसे पोलिसांना कळवते म्हणून खून टळतो. आणि शेवटी वडीलधारी तोडगा काढतात : पेप्पिनोनं तिला भर रस्त्यातून पळवायचं, सगळ्या गावानं बघायचं, मग लग्न लावायचं. पोलीस अधिकाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो त्या वेळी मुद्दाम दूर जाऊन बसतो.

का? तर कलम ५४४. बलात्कार करणाऱ्यानं त्या मुलीशी लग्न केलं तर गुन्हा पुसला जाई. नुसता त्याचा नाही, त्याला मदत करणाऱ्यांचाही. इटालियन भाषेत अशा लग्नाला एक नाव होतं. त्याचा सरळ अर्थ होतो 'डागडुजीचं लग्न'. डागडुजी कुणाची? मुलीची नव्हे. आन्येसे तर तापानं फणफणलेली, भ्रमात पडलेली. डागडुजी घराण्याची. थोरली बहीण शेवटी मठात जाते. बाप लग्नाआधीच मरतो, आणि मरताना बजावून ठेवतो की लग्न लागेपर्यंत माझं मरण कुणाला कळू देऊ नका. त्याच्या थडग्यावर दोन शब्द कोरलेले आपण पाहिले : अब्रू आणि कुटुंब. त्या दोन शब्दांखाली बाप आहे, पण गाडल्या गेल्या आहेत दोन मुली.

आता पुन्हा त्या हाताकडे येते. ही दोन्ही कलमं कुठली? सिसिलीची? नाही. १९३० साली मुसोलिनीच्या राजवटीत रोममध्ये जी दंडसंहिता झाली, तिच्यातली. ती मिलानला लागू होती, तुरीनला होती, जेर्मीच्या जेनोव्हालाही होती. फॅसिस्ट राजवट गेली, लोकशाही आली, १९४८ मध्ये समतेची ग्वाही देणारं संविधान आलं. कलमं तशीच राहिली. बायकोनं एकदा परपुरुषाशी संबंध ठेवला तर ती गुन्हेगार. नवऱ्यानं मात्र घरात किंवा उघड उघड दुसरीकडे रखेल ठेवली तरच गुन्हा. हा भेद इटलीच्या घटना न्यायालयानं नोव्हेंबर १९६१ मध्ये योग्य ठरवला. पुढच्याच महिन्यात फेफेचा चित्रपट पडद्यावर आला. तो भेद रद्द व्हायला १९६८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे कायदा साऱ्या देशाचा आणि बदनामी एका बेटाची. उत्तरेतल्या प्रेक्षकाला थिएटरात बसून 'काय बाई हे सिसिलीचे लोक!' म्हणून हसणं किती सोयीचं होतं! पहिल्या चित्रपटात एक प्रसंग आहे. उत्तरेकडून आलेला कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता गावातल्या कामगारांपुढे स्त्रियांच्या मुक्तीवर भाषण देतो आणि विचारतो, रोझालियाबाईंबद्दल तुमचं शांतपणे विचार केलेलं मत काय? सगळे एका सुरात तिला वेश्या म्हणून मोकळे होतात. आपण हसतो त्या कामगारांना. पण त्या कार्यकर्त्याचा पक्ष ज्या संसदेत बसत होता तिथे कलम ५८७ अजून जिवंत होतं, याला कोण हसणार?

आणि मग जे झालं ते सिसिलीतच झालं. आल्कामो नावाचं गाव. २६ डिसेंबर १९६५. फ्रांका व्हियोला ही शेतकऱ्याची मुलगी, अठरावं पुरं व्हायला थोडे दिवस होते. माफियाशी नातं असलेल्या घरातल्या एका तरुणाशी तिचं पूर्वी ठरलं होतं, ते मोडलं होतं. तो टोळी घेऊन घरात घुसला. आईला मारहाण झाली, आठ वर्षांचा भाऊ बहिणीला बिलगला तर त्यालाही ओढून नेलं आणि नंतर सोडलं. फ्रांकाला आठवडाभर डांबून ठेवलं, तिच्यावर बलात्कार केला. मग अपेक्षेप्रमाणे बापाकडे निरोप आला : आता लग्न लावून द्या. चित्रपट येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सगळं अगदी तसंच चाललं होतं.

फक्त बाप वेगळा निघाला. बेर्नार्दो व्हियोलानं राजी असल्याचं सोंग केलं आणि पोलिसांना कळवलं. मुलगी घरी आली. तिनं सांगितलं, मी याच्याशी लग्न करणार नाही. आणि बाप तिच्या पाठीशी उभा राहिला. त्यांचा द्राक्षमळा उद्ध्वस्त केला, शेतातली खोपी जाळली. नकार देणाऱ्या मुलीला त्या समाजात निर्लज्ज म्हणत आणि ती जन्मभर बिनलग्नाची राहणार हे ठरलेलं असे. डिसेंबर १९६६ मध्ये त्रापानीच्या न्यायालयानं त्या तरुणाला ११ वर्षांची शिक्षा सुनावली. दोन वर्षांनी फ्रांकानं आपल्या मनाजोगत्या माणसाशी लग्न केलं आणि ती त्याच गावात राहिली. २०१४ साली ८ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी तिचा सन्मान केला.

अब्रू आणि कुटुंब हे शब्द बेर्नार्दोच्याही घरी होतेच. फरक इतकाच, की त्यानं अब्रू मुलीच्या शरीरात ठेवली नव्हती. आपण कुटुंबसंस्थेवर टीका करतो तेव्हा लोक म्हणतात, तुम्हाला घरं मोडायची आहेत. त्यांना हे घर दाखवा. मुलीसाठी मळा गेला तरी हे घर मोडलं नाही.

तरीही कायदा लगेच बदलला नाही, हे विसरू नका. एका मुलीच्या धैर्यानं सगळ्यांचे डोळे पाणावले, कलम जागच्या जागी. दरम्यान घटस्फोटाचा कायदा आला. तो रद्द करा म्हणून १९७४ साली सार्वमत मागितलं गेलं, तर ५९ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो ठेवा म्हणून सांगितलं. बायका रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये कुटुंबविषयक कायदा बदलला, १९७८ मध्ये गर्भपाताचा हक्क मिळाला. आणि कलम ५४४ व ५८७ रद्द झाली ती ऑगस्ट १९८१ मध्ये. फ्रांकाच्या नकारानंतर पंधरा वर्षांनी, पहिल्या चित्रपटानंतर वीस वर्षांनी. बलात्कार हा 'सार्वजनिक नीती'विरुद्धचा नव्हे, तर व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे, हे मान्य व्हायला १९९६ उजाडलं.

जेर्मीच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्यानं १९६६ मध्ये तिसरा चित्रपट काढला, 'सिन्योरे ए सिन्योरी', म्हणजे 'सभ्य स्त्रीपुरुषहो'. तो सिसिलीतला नाही. उत्तरेतल्या व्हेनेतो प्रांतातल्या एका टुमदार, खाऊनपिऊन सुखी शहरातला आहे. त्यात शहरातले प्रतिष्ठित पुरुष एका अल्पवयीन खेडवळ मुलीला वापरून घेतात आणि प्रकरण अंगाशी आल्यावर तिच्या बापाला पैसे देऊन तक्रार मागे घ्यायला लावतात. तिथे बंदूक नाही, आरडाओरड नाही, सगळं कसं सभ्यपणे. जेर्मीनं नकाशावरचा हात स्वतःच बाजूला केला. याच व्हेनेतोमधली जुलिया चेक्केत्तीन ही २२ वर्षांची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मारली गेली. मारणारा तिचा पूर्वीचा मित्र, तिच्याच विद्यापीठातला. दक्षिण नाही, अडाणीपणा नाही, गरिबी नाही. साऱ्या इटलीत बायका रस्त्यावर उतरल्या. झाकायला बेट उरलं नव्हतं.

आता आपल्याकडे. सिसिलीचा फेफे पडद्यावर यायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं नानावटी खटल्यात जन्मठेप कायम केली. १९५९ साली बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या त्या नौदल अधिकाऱ्याला मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं होतं. तो प्रांत मागासलेला नव्हता, ती मुंबई होती. आणि १९६४ मध्ये त्याला माफीही मिळाली. आपल्या कायद्यात कलम ५४४ सारखं काही नव्हतं. तरी मार्च २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला इतर न्यायालयांना बजावावं लागलं, की अशा खटल्यांत तडजोड किंवा लग्न सुचवू नका. जे कलमात नाही ते डोक्यात असतं.

शेवटी एक कबुली देते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी समुपदेशनाचं काम करत होते. एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी लहानच. गावातल्या एकानं जबरदस्ती केलेली. भावकीची माणसं बसली होती आणि त्यांनी ठरवलं होतं, यालाच मुलगी देऊन टाका. आई आम्हाला विचारायला आली होती, काय करू? आम्ही कायदा सांगितला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "पण बाई, दुसरं कोण करून घेणार हिला?" ती गेली, पुन्हा आली नाही. आमच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "त्यांच्यात असंच चालतं गं, आपण तरी किती पुरे पडणार?" मी गप्प बसले. वहीत पुढचं पान उलटलं.

दीड-दोन वर्षांनी ती मुलगी एकटी आली. कडेवर मूल. त्यानं तिला टाकलं होतं.

'त्यांच्यात असंच चालतं.' त्यांच्यात म्हणजे त्या जातीत, त्या जिल्ह्यात, त्या भाषेच्या लोकांत, त्या धर्मात. काल नकाशावर हात पडला आणि मी हसले, तेव्हा मला ती वही आठवली. माझाच हात होता तो. फ्रांकाचा बाप लिहिता-वाचता किती होता मला ठाऊक नाही. पण त्यानं 'आमच्यात असंच चालतं' हे मान्य केलं नाही. तो कार्यकर्ता नव्हता, आम्ही होतो.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. हे चित्रपट तुमच्या गावी, वस्तीत जरूर दाखवा. बायका हसतील, हसू द्या. हसण्यानं भीती कमी होते. पण दिवे लागले की एक प्रश्न विचारा : आपण आपला हात कुठे ठेवला आहे? आणि तो उचलला तर खाली कुणाची मुलगी दिसेल?